घरांतील भटारखाना

एखादी कला अंगीं नसतां ती असल्याचें भासविण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्या कलेचीं हत्यारें घरीं आणून ठेवणें. ज्याला गातां येत नाहीं तो दिवाणखान्यांत तंबोरा टांगतो. ज्याला वाचनाची सवय नाहीं तो चामडी बांधणीचे ग्रंथ कांचेच्या कपाटांत लावून ठेवतो. या गोष्टींनीं कोणाचें नुकसान होत नाहीं, म्हणून त्यांविषयीं लिहिण्याचें कारणही पडत नाहीं. परंतु गेल्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेंतील सुखवस्तु घरांतून, व त्यांच्या मागोमाग तेथील आमच्या मराठी मंडळींच्या घरांतून, एका नव्या हत्याराची स्थापना झाली आहे; आणि तें तंबोऱ्यासारखें निरुपद्रवी नाहीं. तें म्हणजे खाणावळी धर्तीची शेगडी.

ज्यांनीं ती पाहिली नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. शेगडी व भट्टी मिळून जें एक यंत्र होतें त्यास तिकडे 'रेंज' म्हणतात. साधी रेंज ३० इंच रुंद असते. वर चार बर्नर, खालीं एक भट्टी. ही नवी रेंज ३६, ४८, प्रसंगीं ६० इंच रुंद असते. अंगावर सर्वत्र गंज न चढणारें पोलाद, वर बोटाएवढ्या जाड बिडाच्या जाळ्या, सहा किंवा आठ बर्नर, मध्यें एखादा कायमचा बसविलेला लोखंडी तवा, खालीं दोन भट्ट्या, आणि समोर मुठीएवढ्या गुंड्या. वजन इतकें कीं ती बसविण्यापूर्वीं तक्तपोशी पेलेल कीं नाहीं हें पाहावें लागतें. चांगल्या नांवाच्या ४८ इंची शेगडीस दहा हजार डॉलरांच्या पुढें मोजावे लागतात. फ्रान्सांतून घडवून आणावयाची म्हटली तर त्याहूनही पुष्कळ अधिक.

या शेगडीचा इतिहास मनोरंजक आहे, व त्यांत कोणी खलपुरुष नाहीं. जूलिया चाइल्ड या प्रसिद्ध पाकशास्त्रज्ञ बाईंनीं १९५६ मध्यें वॉशिंग्टन येथें गार्लंड कंपनीची एक वापरलेली खाणावळी शेगडी विकत घेतली. दोन सहकारी लेखिकांसह फ्रेंच पाकक्रियांवरील ज्या ग्रंथाची त्या तयारी करीत होत्या तो १९६१ मध्यें प्रसिद्ध झाला. एकेक कृति पुनःपुन्हां करून पाहणाऱ्या बाईस दणकट शेगडी लागली यांत नवल तें काय? त्यांचें सबंध स्वयंपाकघर २००१ मध्यें स्मिथ्सोनियन संस्थेस मिळालें, व लोक तें आज संग्रहालयांत जाऊन पाहतात.

परंतु खाणावळीची खरी शेगडी घरांत आणणें हें जोखमीचें काम. उष्णता अडविणारा थर तिच्या अंगांत बेताचाच असतो. लांकडी कपाटांपासून ती अंतरावर ठेवावी लागते. आणि भट्टीचें दार बाहेरून इतकें तापतें कीं घरांत रांगणारें मूल असेल तर विचारूंच नका. मिसिसिपींतील ग्रीनवुड या गांवीं फ्रेड कार्ल नांवाचे घरें बांधणारे गृहस्थ होते. त्यांच्या पत्नीस घरासाठीं भारी शेगडी हवी होती, व मनाजोगी बाजारांत मिळेना. तेव्हां दिसावयास खाणावळीसारखी व आंतून घरास साजेशी अशी शेगडी त्यांनीं स्वतःच योजिली, १९८४ मध्यें व्हायकिंग ही कंपनी काढली, आणि १९८७ पासून त्या शेगड्या लोकांच्या घरीं जाऊं लागल्या. मग इतर कारखानदार मागें कशाला राहतील? २००० सालीं वुल्फ या खाणावळी शेगड्यांच्या नामांकित कारखान्याचा घरगुती विभाग शीतकपाटें करणाऱ्या सब-झीरो कंपनीनें घेतला, आणि लाल गुंड्यांची शेगडी ही घरधन्याच्या ऐपतीची खूण होऊन बसली. येथवर ज्यांस गरज होती त्यांनीं ती भागविली, याबद्दल आमची तक्रार नाहीं. गरजेवांचून नुसतें रूपच विकलें व घेतलें जाऊं लागलें तेथून आमची तक्रार सुरू होते.

हें रूप विकणाराचा मंत्र एकच: बी. टी. यू. एक पौंड पाण्याचें उष्णमान फारेनहाइटचा एक अंश वाढविण्यास जी उष्णता लागते तिला हें नांव आहे. साध्या घरगुती बर्नरांतून तासाला नऊ ते बारा हजार बी. टी. यू. निघतात, या शेगड्यांत पंधरा हजारांपासून पंचवीस हजारांपर्यंत. गिऱ्हाइकानें दुकानांत पाऊल ठेवलें कीं हा आंकडा त्याच्या तोंडावर फेकतात, आणि तोही घोड्याची शर्यत पाहावी तसा या आंकड्याकडे पाहूं लागतो. पण आंकडा सांगतो काय? बर्नरांत किती वायु जळतो एवढेंच. भांड्यांत किती उष्णता शिरते याविषयीं तो मुका आहे. उघड्या ज्योतीवरील भांड्यास एकंदर उष्णतेचा सुमारें तिसरा हिस्सा पोहोंचतो. बाकीची खोली तापविते व शिजविणारास तापविते. जाळ भांड्याच्या बुडाहून रुंद झाला तर हा हिस्सा आणखी घटतो व पातेल्याचे कान मात्र लालबुंद होतात. म्युनिकच्या दरबारीं मोठ्या अधिकारावर असलेल्या काउंट रम्फोर्डनें अठराव्या शतकाच्या अखेरीस चुलींवर एक लांबलचक निबंध लिहिला. त्याचा इत्यर्थ हा कीं, मोठ्या उघड्या जाळावर रांधणें म्हणजे जळण उधळणें होय. प्रत्येक भांड्यास त्याच्या मापाची निराळी चूल असावी, आणि तिचा जाळ हवा तसा कमीजास्त करतां यावा. दोनशें वर्षांनंतर आम्हीं हें ज्ञान विसरण्यासाठीं दहा हजार डॉलर मोजतों!

आतां आपल्या पाकाकडे पाहूं. बासुंदीचें दूध आटवितांना, पुरण घोटतांना, साखरेचा पाक एकतारीवर आणतांना, तांदळाच्या खिरीस शेवटचा कढ देतांना स्वयंपाकीण कोणत्या चिंतेंत असते? आंच वाढत नाहीं या चिंतेंत ती कधींही नसते. आंच पुरेशी उतरत नाहीं हीच तिची चिंता असते. पोळीस मध्यम व सारखी आंच लागते. मोठ्या कड्याच्या बर्नरावर तव्याची कड करपते व मध्य कच्चा राहतो, हा अनुभव घेण्यास पाकशास्त्री होण्याची गरज नाहीं. फोडणीचा तर सारा खेळ पळीभर तेलाचा. त्या बोटभर जाड जाळीवर दाण्डीची फोडणीची पळी ठेवून पाहावी: दोन कांबींमधल्या फटींत ती कलंडते, आणि मोहरी तडतडण्याऐवजीं तेल भडकतें. बाराशें डॉलर बर्नरामागें देऊन गृहिणीनें पळी हातांत धरून उभें राहावें, हा व्यवहार कोणत्या शहाण्याचा? मोठा जाळ लागतो तो पन्नास पानांच्या पंगतीस, हंडाभर पाणी उकळण्यास, किंवा चिनी पद्धतीनें क्षणांत परतावयाच्या जिन्नसांस. ज्यांच्या घरीं हें नित्य चालतें त्यांनीं तो खुशाल घ्यावा.

चांगल्या कारखानदारांस ही अडचण ठाऊक नाहीं असें नव्हे. कोणी एका बर्नरांत ज्योतींचीं दोन कडीं एकावर एक बसवितात, म्हणजे मंद आंचेच्या वेळीं खालचें बारीक कडेंच जळतें. कोणी ज्योत ठराविक क्षणांनीं आपोआप विझवून पुन्हां पेटवितात. दोन्ही युक्त्या उपयोगाच्या आहेत. पण सर्वांत मोठा आंकडा विचारणारे शंभर असतील तर सर्वांत लहान विचारणारा एक भेटावयाचा नाहीं, म्हणून दुकानदारही तो सांगण्याच्या भरीस पडत नाहीं.

हें सर्व सोसण्यासारखें आहे. दूध उतूं गेलें तर पुसून टाकतां येतें. आमचा खरा आक्षेप पुढेंच आहे, व तो असा कीं, भटारखान्याची ही नक्कल अर्धीच केली जाते. खरा भटारखाना पाहिलेल्या मनुष्यास विचारा, तेथें शेगडीहून मोठें काय दिसलें? तो सांगेल, शेगडीवरची छत्री. अमेरिकेंत खाणावळीच्या शेगडीवर धूर ओढून इमारतीबाहेर टाकणारी छत्री, तेल धरणाऱ्या जाळ्या, व तेल पेटल्यास आपोआप आग विझविणारी योजना असल्यावांचून धंदा करतां येत नाहीं. तेथें पंख्याचा आवाज इतका कीं आचाऱ्यांस एकमेकांशीं ओरडून बोलावें लागतें. जाळ व छत्री हीं दोन्ही मिळून तेथें एक यंत्र आहे. आमच्या हौशी गृहस्थांनीं त्यांतला जाळ तेवढा घरीं आणला, व छत्री आवाज करते, दिसावयास बोजड असते, आणि तिच्यासाठीं भिंत फोडावी लागते म्हणून दुकानांतच ठेवली!

थोडा हिशेब करावा. सहा बर्नर, प्रत्येकाचे अठरा हजार. एकूण १,०८,००० बी. टी. यू. तिकडील धंद्यांतला ढोबळ नियम असा कीं, दर १०,००० मागें मिनिटाला १०० घनफूट हवा बाहेर टाकावी. म्हणजे १,०८० घनफूट झाली. आतां बारा फूट लांब, दहा फूट रुंद व नऊ फूट उंच असें स्वयंपाकघर घेतलें तर त्यांतील एकंदर हवाच मुळीं १,०८० घनफूट भरते. सर्व बर्नर एकाच वेळीं भरजाळ पेटत नाहींत हें खरें. पण निम्मे पेटले तरी दोन मिनिटांत खोलीभर हवा बाहेर गेली पाहिजे, व तेवढीच आंत आली पाहिजे. थंडीसाठीं फटी बुजविलेल्या त्या घरांत ती येणार कोठून? पाणी तापविण्याच्या यंत्राच्या धुराड्यांतून उलटी, विषारी वायु बरोबर घेऊन! म्हणूनच मिनिटास ४०० घनफुटांहून अधिक हवा ओढणाऱ्या छत्रीबरोबर ताजी हवा आंत आणण्याची निराळी सोय असावी, असा नियम अमेरिकेंतील घरबांधणीच्या आदर्श संहितेंत घातलेला आहे. शेगडी घेणाऱ्या किती जणांनीं हा नियम ऐकला आहे?

कोणी म्हणतील, वायूची ज्योत निळी व स्वच्छ. तिला धूर कसला? धूर डोळ्यांस दिसत नाहीं एवढेंच. ज्योतीच्या उष्णतेनें हवेंतील नायट्रोजन व प्राणवायु एकत्र होऊन नायट्रोजन डायऑक्साइड होतो, व तो फुप्फुसांस, विशेषतः दमेकरी मुलांस, अपायकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ मध्यें या वायूची वार्षिक मर्यादा घनमीटरास ४० मायक्रोग्रॅम ठरविली होती. २०२१ मध्यें ती १० वर आणली. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं कॅलिफोर्नियांतील ५३ घरांच्या शेगड्या तपासून २०२२ मध्यें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत असें आढळलें कीं, जितका इंधनवायु अधिक जळतो त्या प्रमाणांतच नायट्रोजनचे हे वायु अधिक उत्पन्न होतात, आणि लहान स्वयंपाकघरांत छत्री न चालवितां शेगडी पेटविली तर सरकारनें बाहेरील हवेसाठीं घालून दिलेली तासाची मर्यादा कांहीं मिनिटांतच ओलांडली जाते. मिथेनची तीन चतुर्थांशांहून अधिक गळती तर शेगडी बंद असतांनाच होत होती. तेव्हां अठरा हजारांचा बर्नर हा केवळ अठरा हजारांचा अभिमान नाहीं; तितक्या प्रमाणांत तें विषही आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं न्यू जर्सींत आमच्या एका मावसबंधूंच्या घरीं दोन महिने राहण्याचा आम्हांस योग आला. घर नवें, स्वयंपाकघर आमच्या पुण्याच्या सबंध बिऱ्हाडाएवढें, व त्याच्या मधोमध ती ४८ इंची मूर्ति विराजमान. आल्यागेल्यास ती दाखविली जाई. भट्टीचें दार उघडून आंतील पंखाही दाखविला जाई. पुढें आमच्या असें ध्यानांत आलें कीं एका भट्टींत कढया व परातींची रास आहे, व ती पाहुणे येण्यापूर्वीं हलविण्यांत येते. पहिल्या रविवारीं कांद्याच्या भज्यांचा बेत ठरला. वहिनी स्वयंपाकघरांत दिसेनात. शोधीत शोधीत मोटारीच्या खोलींत गेलों तों काय, जानेवारीची थंडी, गराजचें दार हातभर उघडें, आणि वहिनी शाल पांघरून एका लोखंडी घडवंचीवर नळकांड्याच्या दोन बर्नरांच्या शेगडीपुढें भजीं तळीत उभ्या!

"वहिनी, आंत एवढी शेगडी असतांना येथें कां?"

"अहो भाऊजी, त्या शेगडीवर तळलें कीं छतावरची घंटी ओरडते, आणि वास पडद्यांत बसतो. शिवाय ती पुसायला पाऊण तास लागतो."

शेगडीवर छत्री होती. पण ती ओढलेली हवा जाळींतून गाळून पुन्हां खोलींतच सोडणारी. बाहेर जाणारी नळी घातलेली नव्हती. आणि ही कांहीं एका घरची कथा नव्हे. त्या दोन महिन्यांत ज्या ज्या मराठी घरीं आम्ही जेवलों त्यांतील कित्येक ठिकाणीं गराजांत, तळघरांत किंवा मागच्या ओट्यावर अशी दुसरी शेगडी होती. एक शेगडी शोभेची, एक राबणारी. बंद गराजांत उघडा वायु जाळणें म्हणजे कार्बन मोनॉक्साइडशीं खेळ आहे. हा प्राणघातक वायु न दिसतो, न त्याचा वास येतो. आमच्या आजीनें परसांतल्या चुलीच्या धुरानें डोळे चोळले. तिच्या नातसुनेनें समुद्र ओलांडून, पदव्या घेऊन, पुन्हां परसांतच चूल मांडली, आणि आंत मात्र बारा हजार डॉलरांचें पोलाद चकचकीत राहिलें. याला सुधारणा म्हणावयाचें असेल तर त्या शब्दाचा अर्थ कोशांत बदलून घ्यावा.

यावर दोन-तीन उत्तरें ठरलेलीं आहेत. ऐपत आहे, तुमच्या पोटांत कां दुखतें? आमच्या पोटांत दुखत नाहीं. ज्यांचीं फुप्फुसें दुखतील त्यांच्या वतीनें आम्ही लिहीत आहों. घर विकतांना किंमत येते, असें दुसरे म्हणतात. येत असेल, पण मग ती शेगडी पुढच्या मालकासाठीं घेतली हें निदान घरांत कबूल करावें. तिसरें उत्तर सर्वांत गोड आहे: उत्तम शेगडी घेणें हा स्वयंपाकाचा, व तो करणारीचा, गौरव आहे. हें ऐकून आम्हीं विचारलें कीं शेगडी निवडली कोणीं? बहुतेक ठिकाणीं निवडणारा हात रविवारीं एकदां मांस भाजणाऱ्या गृहस्थांचा निघाला. आठवड्याच्या उरलेल्या वीस जेवणांचा हात पुसण्यास ठेवलेला. ज्या दिवशीं हे दोन्ही हात एकाच मनुष्याचे होतील त्या दिवशीं ४८ इंची शेगड्यांचा खप कमी होईल अशी आमची समजूत आहे.

मग घ्यावें काय? आमचें मत स्पष्ट आहे. जेवढा पैसा शेगडीसाठीं काढून ठेवला असेल त्यांतून आधीं छत्री घ्यावी: शेगडीहून दोन्ही बाजूंस दोन-तीन इंच रुंद, पुढच्या बर्नरांवरही येईल इतकी खोल, व जिची नळी आंखूड व सरळ मार्गानें घराबाहेर जाते अशी. आंत येणाऱ्या हवेची वाट कोणती हें मिस्त्रीकडून वदवून घ्यावें. उरलेल्या पैशांत जी शेगडी येईल ती पुरेशी आहे. एक बर्नर जोरदार व एक अगदीं मंद असला, व लहान भांड्यासाठीं आडवी जाळी मिळाली, कीं आमच्या पाकास दुसरें कांहीं नको. दुकानांत जातांना घरची फोडणीची पळी व पोळीचा तवा बरोबर न्यावा आणि जाळीवर ठेवून पाहावा. दुकानदार हंसला तर हंसूं द्यावा. शेगडी नळाच्या नैसर्गिक वायूसाठीं केलेली असेल व घरीं नळकांड्याचा वायु असेल तर तोट्या बदलून घ्याव्या, कारण नळकांड्याच्या वायूंत घनफुटास सुमारें अडीचपट उष्णता असते. तोट्या तशाच राहिल्या तर ज्योत पिवळी होऊन भांडीं काजळतात. विजेची इंडक्शन शेगडी घेणारास ज्योतीच्या वायूंपासून सुटका मिळते, व मंद आंच ती फार चांगली ठेवते. मात्र तिच्यावर पितळेचीं व ॲल्युमिनियमचीं भांडीं चालत नाहींत, गोल बुडाची कढई बसत नाहीं, आणि फुलका जाळावर फुगवितां येत नाहीं. मिरचीच्या फोडणीचा ठसका तिच्यावरही उठतोच, तेव्हां छत्री तेथेंही चुकत नाहीं.

पुण्यामुंबईच्या वाचकांनीं हें सर्व परदेशचें म्हणून हंसूं नये. इकडील नव्या सदनिकांतूनही तसलें पोलाद येऊं लागलें आहे, आणि त्यावर जी 'चिमणी' टांगतात ती पुष्कळ ठिकाणीं कोळशाच्या गाळणींतून हवा काढून परत खोलींतच सोडणारी असते. तिनें तेल थोडें धरलें जातें, वास थोडा मारला जातो, ज्योतीचे वायु मात्र जसेच्या तसे राहतात. चिमणी म्हटली कीं ती घराबाहेर उडाली पाहिजे, ही पिंजऱ्यांतली.

आमच्या मावसबंधूंशीं निघण्यापूर्वीं या विषयावर एकदां बोलणें झालें. ते सज्जन आहेत. त्यांनीं सर्व हिशेब ऐकून घेतला, कागदावर आंकडे मांडले, आणि मिस्त्रीसही बोलाविलें. मिस्त्रीनें बाहेरच्या भिंतीवर खडूनें आठ इंचांचें वर्तुळ काढून दाखविलें. खर्च शेगडीच्या दशांशाहूनही कमी निघाला. पण बाहेरचें विटकाम नवें होतें, व तें भोंक रस्त्यावरून दिसलें असतें. वहिनींचें मत त्या वेळीं कोणीं विचारलें नाहीं. त्या गराजांत होत्या. आम्ही निघालों तेव्हां खडूचें वर्तुळ भिंतीवर तसेंच होतें, आणि पुढच्या पत्रांत कळलें कीं तें पावसानें धुवून गेलें.